पलंगावरून उतरतानाचे पहिले पाऊल

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे.

त्या ४७ वर्षांच्या असून माध्यमिक शाळेत शिकवतात. वयाच्या ३९व्या वर्षी त्यांनी कमाटीबागेत चालायला सुरुवात केली, पुढे चालण्याचे धावणे झाले आणि सहा वर्षांत त्यांनी नऊ हाफ आणि दोन फुल मॅरेथॉन पूर्ण केल्या. सव्वादोन वर्षांपूर्वी उजव्या टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटे वर, मागच्या बाजूला दुखू लागले. अकिलीस टेंडनचा, म्हणजे टाचेमागच्या जाड कंडरेचा, जुनाट विकार असल्याचे निदान झाले. त्यानंतर तीनदा त्यांनी दोन-तीन महिन्यांची पूर्ण विश्रांती घेतली आणि तिन्ही वेळा धावणे सुरू केल्यावर काही आठवड्यांतच दुखणे परतले. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तर ते फारच बळावले. त्याविषयी त्या लिहितात, "त्याआधी महिनाभर मी एक पाऊलही धावले नव्हते (नवरात्रात गरबा खेळले तेवढाच). दसऱ्यानंतर फक्त आठ किलोमीटर धावले आणि पाय गेला." आता चार महिन्यांच्या व्यायामानंतर फिजिओथेरपिस्टनी "हळूहळू धावायला हरकत नाही" असे सांगितले. पहिल्याच दिवशी त्या पाच किलोमीटर धावल्या, टाचेत कळ जाणवली, घाबरून थांबल्या, आणि त्याला आता तीन आठवडे झाले. यजमान म्हणतात, या वयात चालणे पुरे. रनिंग ग्रुपमधली मंडळी म्हणतात, मन घट्ट कर. त्यांनी ग्रुप सोडला आहे. सोनोग्राफीच्या अहवालातला 'डीजनरेशन' हा शब्द त्यांच्या मनातून जात नाही. येत्या हिवाळ्यात आपल्या शहराच्या मॅरेथॉनमध्ये फुल धावण्याचे त्यांनी मनाशी ठरवले आहे. त्या विचारतात, "अमेरिकेची धावपटू जोन बेनॉइट गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर १७ दिवसांत मॅरेथॉन धावली. मला दोन वर्षांत का जमू नये? मी पूर्वीसारखी धावू शकेन, की आता सोडून द्यावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात माझी नजर तुम्ही कंसात घातलेल्या वाक्यावर थांबली. महिनाभर धावणे बंद होते, नवरात्रात गरबा खेळले तेवढाच. बडोद्यात राहणाऱ्या माणसाला 'तेवढाच' गरबा म्हणजे किती, हे निराळे सांगावे लागत नाही. रात्री साडेनऊ-दहाला सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत, मातीच्या मैदानावर, बहुतेक अनवाणी, चवड्यावर उड्या, गिरक्या आणि पुन्हा उड्या, आणि असे नऊ रात्री. टाच जमिनीला टेकते न टेकते तोच ती पुन्हा उचलायची असते. तुम्ही त्याला व्यायाम मानले नाही, कारण तो सण होता. तुमच्या टाचेला मात्र सण आणि सराव यांतला फरक कळत नाही. तिच्या दृष्टीने महिनाभर जवळजवळ काहीच काम नव्हते, मग अचानक नऊ रात्री अतोनात काम आले, आणि त्यावर आठ किलोमीटर. पाय त्या आठ किलोमीटरने गेला असे तुम्ही दोन वेळा लिहिले आहे. मला तसे वाटत नाही.

हे एवढ्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे, की तुमच्या संपूर्ण प्रश्नाखाली एक समजूत दडलेली आहे. विश्रांतीने पाय बरा होतो आणि धावण्याने तो बिघडतो, ही ती समजूत. ही समजूत तुमच्या एकटीची नाही. मला या विषयावर येणाऱ्या बहुतेक पत्रांत ती असते, आणि हाड मोडले किंवा स्नायू फाटला असेल तर काही काळापुरती ती खरीही असते. पण पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी बांधणाऱ्या या जाड कंडरेच्या बाबतीत ती अपुरी आहे. विश्रांतीने दुखणे कमी होते, कंडरेची ताकद मात्र वाढत नाही, उलट कमीच होते. धावताना या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट ताण येतो आणि पाच किलोमीटरांत उजवे पाऊल अडीच-तीन हजार वेळा पडते. तीन महिने बसून राहिलेल्या कंडरेला तुम्ही दुखत नाही म्हणून बरी समजलात, तिला एकदम पूर्वीचे काम दिलेत आणि ती पुन्हा तक्रार करू लागली. हे चक्र तीनदा फिरले. प्रत्येक वेळी तुम्ही त्यातून 'आपला पाय कमकुवत आहे' एवढेच शिकलात. मला त्यातून दिसते ते असे, की पायाला एकदाही टप्प्याटप्प्याने चढत जाणारे काम मिळाले नाही.

आता 'डीजनरेशन' या शब्दाविषयी. अहवालात तो छापलेला पाहून धसका बसणे स्वाभाविक आहे, कारण मराठीत आपण त्याचे भाषांतर 'झीज' असे करतो आणि झिजलेली वस्तू भरून येत नाही, असे मानतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली एक विलक्षण निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९५० आणि १९६०च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) वाढला आणि तो त्या काळच्या माणसांच्या शरीरातही उतरला. त्याच्या खुणा अकिलीस कंडरेत मोजल्यावर असे दिसले, की कंडरेचा गाभा साधारण १७व्या वर्षापर्यंत घडतो आणि नंतर जवळजवळ बदलत नाही. म्हणजे तुम्ही बारावीत असताना जी कंडरा तयार झाली, तिच्यावरच तुम्ही दोन फुल मॅरेथॉन धावलात. हे वाचून निराश होऊ नका. याचा अर्थ एवढाच, की वाट पाहत बसल्याने नवी कंडरा मिळणार नाही. जी आहे तिलाच कामाची सवय लावायची आहे. ती सवय लागते. योग्य भार मिळत गेला की कंडरा अधिक ताठ आणि भार पेलणारी होते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. शिवाय ज्यांना काहीही दुखत नाही अशा कित्येक धावपटूंच्या सोनोग्राफीतही असेच बदल आढळतात, आणि दुखणे पूर्ण थांबल्यावरही चित्र अनेकदा तसेच राहते. म्हणून तो अहवाल फाइलमध्ये लावून ठेवा आणि प्रगती मोजण्यासाठी पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करू नका. मोजायची गोष्ट वेगळी आहे.

ती गोष्ट म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ. पलंगावरून उतरून तुम्ही फरशीवर पहिले पाऊल टाकता, तिथून स्वयंपाकघरापर्यंत जाता, तेवढ्या दहा-पंधरा पावलांत तुमची टाच काय सांगते, ते नेमके ऐकायला शिका. टाच आखडलेली आहे का, किती पावलांत मोकळी होते, जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो का? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशा मापाने त्याला एक आकडा द्या आणि तो वहीत लिहा. स्वीडनमध्ये कारिन सिल्बरनागेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकिलीसच्या दुखण्याचे ३८ रुग्ण होते. एका गटाने पहिले सहा आठवडे धावणे आणि उड्या बंद ठेवल्या, दुसऱ्या गटाने दुखण्यावर लक्ष ठेवून त्या चालू ठेवल्या. दोघेही ताकदीचा व्यायाम करत होते. धावत राहिलेल्यांचे काहीही नुकसान झाले नाही, दोन्ही गट सारखेच सुधारले. त्यांना घालून दिलेला नियम साधा होता. करताना दुखणे पाचपर्यंत गेले तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलेले असावे आणि आठवड्यागणिक सकाळचे आखडणे वाढता कामा नये.

तीन आठवड्यांपूर्वी बागेत तुम्हाला जी कळ जाणवली, ती किती होती? तुम्ही 'सौम्य' असे लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले, हे सहा पानांत कुठेही नाही. बहुधा काहीच झाले नसावे, नाहीतर तुम्ही ते नक्की लिहिले असते. तसे असेल तर त्या दिवशी तुमच्या पायाने तुम्हाला धोक्याची सूचना दिली नव्हती. दोन वर्षांच्या अनुभवाने सावध झालेल्या मनाने ती कळ मोठी करून ऐकली, आणि यात तुमचा काहीही दोष नाही. तरीही मी तुम्हाला पाचची सूट देणार नाही. तीनदा उलटलेल्या दुखण्यासाठी पहिले तीन महिने तीनची मर्यादा पाळा. त्यापुढे गेले तर त्या दिवशी चालत घरी या; आणि सकाळचा आकडा नेहमीपेक्षा दोनने वाढलेला असेल तर पुढचे धावणे एक दिवस पुढे ढकला, रद्द करू नका.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हा नियम कंडरेच्या जुनाट दुखण्याचा आहे. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला सूक्ष्म भेग गेलेली असेल, म्हणजे ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात ते असेल, तर धावताना थोडेही दुखणे चालवून घ्यायचे नाही. हाडावर बोट ठेवल्यावर एकाच ठिकाणी दुखते, रात्री झोपेतही ठणकते, अशा वेळी थांबा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तसेच मागून कोणी लाथ मारावी तसा अचानक झटका बसला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटलेली असू शकते. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली तर रक्ताच्या गुठळीची शक्यता असते. या दोन्ही प्रसंगी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तुमच्या फिजिओथेरपिस्टनी "हळूहळू" म्हटले आणि तुम्ही पाच किलोमीटर धावलात. दोघांच्याही दृष्टीने तो शब्द बरोबरच होता, कारण २१ किलोमीटर सहज धावणाऱ्या बाईला पाच म्हणजे हळूहळूच वाटते. म्हणून आता हा शब्द बाजूला ठेवून मिनिटांत बोलू.

धावायच्या आधी दोन गोष्टी जमल्या पाहिजेत. पाऊण तास भरभर चालून दुसऱ्या सकाळचा आकडा बदलू नये, ही पहिली. दुसरी अशी, की भिंतीला बोटांचा आधार घेऊन एका पायावर उभे राहायचे, गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण वर उचलायची आणि सावकाश खाली आणायची. हे डाव्या पायाने किती वेळा जमते ते मोजा, मग उजव्याने. धावपटूला साधारण २० ते २५ वेळा जमायला हवे. मोजताना शेवटच्या चार-पाच वेळा टाच पहिल्याइतकीच उंच जाते का, हे कोणाला तरी बाजूला उभे राहून पाहायला सांगा, कारण थकलेला पाय उंचीत चोरी करतो आणि ते आपल्या लक्षात येत नाही. दोन्ही पायांत मोठा फरक असेल तर धावणे आणखी दोन-तीन आठवडे थांबू शकते, व्यायाम थांबू शकत नाही.

या व्यायामाचा उगम मला फार बोलका वाटतो. होकान अल्फ्रेडसन हे स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक स्वतः धावत असत आणि त्यांचीही अकिलीस कंडरा दुखत होती. त्यांनी आपल्या वरिष्ठांकडे शस्त्रक्रियेची मागणी केली. वरिष्ठांनी दुखणे तेवढे गंभीर नाही म्हणून ती नाकारली. तेव्हा दुखणे गंभीर व्हावे म्हणजे शस्त्रक्रिया होईल, या हेतूने त्यांनी पायरीच्या कडेवर उभे राहून वजन घेऊन टाच खाली सोडण्याचा व्यायाम जोरात सुरू केला, आणि काही आठवड्यांत त्यांचे दुखणे गेले. त्यातूनच १९९८ साली त्यांचा प्रसिद्ध क्रम आला, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून प्रत्येकी १५चे तीन संच, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. रोजचे १८० होतात. नोकरी आणि घर सांभाळून हे निभावणे कठीण असते, आणि तुम्हीही पहिल्या महिन्यात दोनदा खंड पडल्याचे लिहिले आहे. त्यानंतरच्या अभ्यासांत आठवड्यातून तीनच दिवस, पण जड वजनाने आणि अगदी सावकाश केलेला व्यायाम तितकाच उपयोगी ठरला. तुम्हाला मी तो सुचवेन. घरच्या जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवा, तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. आरंभी वजन इतकेच, की १५ वेळा जेमतेम जमावे. पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी वजन वाढवत आणि संख्या कमी करत सहापर्यंत या. पाठीवरच्या सॅकमध्ये पाठ्यपुस्तके भरली तरी सुरुवातीला पुरते, नंतर जिममधील यंत्र लागेल. खुर्चीत बसून, गुडघ्यांवर वजन ठेवून टाचा उचलण्याचा प्रकार वगळू नका. पोटरीचा खोल स्नायू त्यानेच तयार होतो आणि लांब धावताना मोठा भार त्याच्यावर असतो. धावणे सुरू झाले म्हणून हा व्यायाम बंद करायचा नाही. बहुतेकांचे दुखणे तिथेच उलटते.

ज्या वाचकांना कंडरा टाचेच्या हाडाला चिकटते अगदी तिथेच दुखते, त्यांनी मात्र टाच पायरीच्या खाली सोडू नये, सपाट जमिनीवरच व्यायाम करावा. सूर्यनमस्कारात टाचा जमिनीला टेकवण्याचा हट्ट आणि बराच वेळ उकिडवे बसणे, या दोन्ही गोष्टींनी त्या जागी कंडरा हाडावर दाबली जाते.

आता धावणे. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. हा एक दिवस मध्ये सोडणे आळसाचे लक्षण नाही. जोराचे काम झाल्यावर पहिला दिवस-दीड दिवस कंडरेत मोडतोड जास्त आणि बांधणी कमी असते, नंतर पारडे फिरते. पहिले दोन आठवडे एक मिनिट धावा, दोन मिनिटे चाला, असे आठ वेळा. पुढचे दोन आठवडे दोन मिनिटे धावा, दोन मिनिटे चाला. मग तीन आणि एक, मग पाच आणि एक, आणि अशा रीतीने १२ ते १४ आठवड्यांत सलग अर्धा तास. पेसकडे, म्हणजे धावण्याच्या वेगाकडे, पाहू नका, घड्याळात तो दिसत असेल तर तो पडदाच बदलून ठेवा. पावले आखूड ठेवा. वेग आणि चढ या दोहोंनी कंडरेवरचा ताण झपाट्याने वाढतो, त्यामुळे अकोटा-दांडिया बाजार पुलाचा तुमचा आवडता चढ यंदाच्या पावसाळ्यात तरी नको. सलग अर्धा तास जमल्यावर एका वेळच्या अंतरात मोठी उडी घेऊ नका. आठवड्याची एकूण बेरीज बेताची असूनही एकाच दिवशीची झेप पाय बिघडवू शकते.

खंड पडणार, हे गृहीत धरा. पाऊस आहे, परीक्षा आहेत, घरी पाहुणे आहेत. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा निम्म्या शहराचे वेळापत्रक वाहून गेले होते. तीन-चार दिवस चुकले तर जिथे होता तिथूनच पुढे चला. आठवडाभराहून अधिक चुकले तर एक टप्पा मागे या. चुकलेले दिवस भरून काढण्यासाठी एकाच रविवारी दुप्पट धावू नका. तुमच्या पत्रातल्या पहिल्या दोन खेपांना मला हेच घडलेले दिसते.

बुटांविषयी थोडक्यात. टाच आणि चवडा यांच्या उंचीत फारसा फरक नसलेले अगदी सपाट बूट सध्या टाळा. शाळेत पाच-सहा तास उभे राहण्यासाठी थोडी टाच असलेली, मऊ तळाची चप्पल वापरा. घरात फरशीवर अनवाणी वावरणेही पहिले काही आठवडे कमी करा.

औषधांविषयी मात्र थोडक्यात नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांनी कंडरा सुजण्याचा आणि तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे जुलाब आणि लघवीचा संसर्ग यांसाठी ही औषधे सर्रास दिली जातात, अनेकदा दुकानातून चिठ्ठीशिवायही घेतली जातात. डॉक्टरांना तुमच्या टाचेचा इतिहास आधी सांगा आणि दुसरा पर्याय आहे का विचारा. याच कारणाने कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याची घाई नको. दुखणे काही दिवस थांबते, पण कंडरा कमकुवत होऊन तुटण्याची भीती असते. पाळी अनियमित झाली असल्याचे तुम्ही ओझरते लिहिले आहे. या वयात संप्रेरकांच्या बदलांचा परिणाम कंडरा आणि हाडे यांवर होतो, तेव्हा एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. सकाळी फक्त चहा घेऊन धावायचे आणि मधल्या सुट्टीतच पहिला घास खायचा, ही सवयही बदला.

जोन बेनॉइटचे उदाहरण तुम्ही दिलेत म्हणून त्यावर थोडे थांबते. घटना खरी आहे. २५ एप्रिल १९८४ रोजी तिच्या गुडघ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, १२ मे रोजी तिने अमेरिकेची ऑलिंपिक निवड मॅरेथॉन जिंकली आणि ५ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत. पण तिच्या गुडघ्यात तंतूंची एक पट्टी अडकत होती. ती कापल्यावर अडथळा दूर झाला. ती तेव्हा २६ वर्षांची होती आणि अवघ्या काही आठवड्यांपूर्वीपर्यंत पूर्ण सराव करत होती. तुमचा अडथळा कापून काढण्यासारखा नाही, तो ताकद वाढवून ओलांडायचा आहे, आणि त्याला महिनेच लागतात. अशा कथा वारंवार सांगितल्या जातात, कारण त्या ऐकायला भव्य असतात. सहा महिने जिन्यावर टाचा उचलणाऱ्या बाईची कथा कोणी सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतून पुन्हा धावू लागलेल्या बायका मात्र बहुतेक याच मार्गाने आलेल्या असतात.

'पूर्वीसारखी' या शब्दाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवला. पूर्वीची म्हणजे कोणती? तुमच्या पत्रात टायमिंगचा उल्लेख एकदाच येतो. तीन वेळा येते ते निराळेच. पहाटे साडेपाचला बागेच्या दारापाशी जमणाऱ्या सहा-सात जणी, धावून झाल्यावर सुरसागर तलावाच्या पाळीवर बसून घेतलेला चहा, आणि घरी परतल्यावर "आज दिवसभर कोणी काही बोलले तरी चालेल" असे वाटणे. यातले किती ४२ किलोमीटरांवर अवलंबून आहे? मला वाटते, तुम्ही दोन वर्षे टाचेपेक्षा या सोबतीसाठी अधिक झुरत आहात, आणि ग्रुप सोडल्याने ते दुःख दुप्पट झाले आहे. त्यांचे "मन घट्ट कर" हे बोल चुकीचे होते, पण त्यामागे आकस नव्हता. पुन्हा ग्रुपमध्ये या. मैत्रिणींना आधीच सांगून ठेवा, की मी एक मिनिट धावून दोन मिनिटे चालणार आहे, माझ्यासाठी थांबू नका, चहाला मात्र थांबा. पहिले चार-सहा दिवस अवघड जातील, विशेषतः जिला तुम्हीच धावायला शिकवले ती पुढे निघून जाईल तेव्हा.

यजमानांचे म्हणणे मी मोडीत काढणार नाही. त्यांनी तुम्हाला दोन वर्षांत अनेकदा लंगडत घरी येताना पाहिले आहे. त्यांना वयाची चिंता आहे असे ते म्हणतात; मला वाटते त्यांना पुन्हा त्या महिन्यांची धास्ती आहे. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी वही त्यांच्या हाती द्या. एका पायावर टाच किती उंच जाते हे पाहण्याचे काम त्यांनाच सांगा.

मॅरेथॉनविषयी माझे मत स्पष्ट आहे. येत्या हिवाळ्यात फुल धावू नका. ४२.१९५ किलोमीटरांसाठी लागणारा सराव या सात-आठ महिन्यांत बसवायचा तर वरचा प्रत्येक टप्पा निम्म्यावर आणावा लागेल, आणि ठरलेल्या तारखेसाठी टप्पे आवळणे हेच आतापर्यंत तुमच्या पायाला नडले आहे. पाच किंवा दहा किलोमीटरांच्या गटाचा विचार करा, पण नावनोंदणी आत्ता नको. सर्व काही सुरळीत झाले तर त्या पुढच्या वर्षी हाफ, आणि फुलचा विचार त्यानंतर. सोडून द्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे, कारण ज्याने फायदा होण्याची शक्यता सर्वांत जास्त ती गोष्ट तुम्ही अजून पुरती करून पाहिलेली नाही.

राहिला गरबा. तुम्ही या मातीत वाढलेल्या आहात, नवरात्रात घरी बसा असे मी सांगणार नाही. तोवर तुमचा सलग अर्ध्या तासाचा टप्पा नुकताच आलेला असेल. नऊपैकी तीन रात्री निवडा, दोन रात्रींत किमान दोन दिवसांचे अंतर ठेवा, एक तास खेळा, बूट घालून खेळा, आणि त्या आठवड्यात धावणे पूर्ण बंद ठेवा. बाकीच्या रात्री कडेला बसून ऐका. प्रत्येक गरब्याच्या दुसऱ्या सकाळचा आकडा वहीत लिहा, त्यासमोर 'गरबा' असे लिहा, म्हणजे पुढे दोष चुकून धावण्यावर जाणार नाही. दसऱ्यानंतर चार दिवस थांबा, मग पाच मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा आणि दिवाळी झाल्यावर ती वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. दहा किलोमीटरांची नावनोंदणी करायची की नाही, हे त्या दिवशी ठरवा.